बाळंतिणीच्या गळ्यातलं भूत: असिरियातले ब्राँझचे ताईत

पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये ब्राँझची एक छोटी मूर्ती आहे, उंची साधारण १५ सेंटीमीटर, म्हणजे एक वीतसुद्धा भरत नाही, पण एकदा फोटो बघितला की डोक्यातून जात नाही. तोंड धड कुत्र्याचं नाही धड सिंहाचं नाही, डोळे खोबणीतून बाहेर आलेले, डोक्याला शिंगं, पाठीला चार पंख, पायाला शिकारी पक्ष्याच्या नख्या, मागे विंचवाची नांगी, उजवा हात वर उगारलेला आणि डावा खाली. ह्याचं नाव पाझुझू. एका गाजलेल्या हॉलिवूड हॉरर पिक्चरमुळे हे नाव जगभर झालं आणि तेव्हापासून नेटवर कुठेही पाझुझू शोधलं की लहान मुलीच्या अंगात शिरणारा सैतान हीच गोष्ट समोर येते. आता त्याच मूर्तीच्या डोक्याकडे नीट बघा. माथ्यावर एक कडी आहे. दोरी ओवून टांगायची कडी.

मला ह्या विषयाचा नाद लागला तो ह्या कडीमुळे. कारण घाबरायचं ज्याला त्याला कोणी कडी लावून घरात टांगत नाही ना. ज्यांनी ही मूर्ती ओतली त्यांच्यासाठी पाझुझू हा घरात हवा असलेला माणूस होता, म्हणजे माणूस नाही, पण हवा असलेला नक्की. आणि सगळ्यात जास्त तो कोणाला हवा होता तर दिवस राहिलेल्या बाईला आणि बाळंतिणीला. हे अगदी पायापासून सांगतो, कारण मधलंच काही उचललं की हे सगळं नुसतं अंधश्रद्धेचं गाठोडं वाटतं, आणि तसं ते नाहीये, त्यात फार नीट विचार केलेला आहे.

असिरिया म्हणजे आजच्या इराकचा उत्तर भाग, टायग्रिस नदीच्या काठचा. अश्शूर, निमरूद, निनेवे ही त्यांची मोठी शहरं, निनेवे तर आजच्या मोसुल शहरातच येतं. राज्य जुनंच होतं, पण आपण ज्या वस्तूंबद्दल बोलतोय त्या बहुतेक इ.स.पू. ९०० ते ६०० ह्या काळातल्या, म्हणजे असिरियाचं साम्राज्य जोरात होतं तेव्हाच्या. शाळेत असिरिया कधी शिकवलाच तर लढाया, वेढे आणि क्रूर राजे एवढंच येतं. त्याच राज्यातल्या घराघरात संध्याकाळी काय चालायचं, बाळ रडायला लागलं की आई कोणाच्या नावाने दचकायची, हे कोणी सांगत नाही.

ती दचकायची लमाश्तूच्या नावाने. त्या काळात ना तापावर औषध, ना बाळंतपणात आजच्यासारखी मदत, त्यामुळे मूल दगावण्याची भीती प्रत्येक घराच्या अक्षरशः पाचवीला पुजलेली. ह्या भीतीला त्यांनी नाव दिलं, चेहरा दिला, बाप सुद्धा दिला. लमाश्तू ही आकाशाचा देव अनू याची मुलगी. तिच्या मनात वाईट होतं म्हणून तिला आकाशातून खाली हाकललं. सिंहाचं डोकं, गाढवाचे दात, पक्ष्याच्या नख्या, हात रक्ताने माखलेले. बाकीची भुतंखेतं देवांच्या हुकमाने माणसाला त्रास देतात, ही मात्र स्वतःच्या मर्जीने देते, म्हणून जास्त धोक्याची. तिच्यावरच्या मंत्रांच्या मातीच्या पाट्या सापडल्यात आणि त्यात एक बारकावा असा आहे की वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ती गरोदर बायकांचे महिने मोजत बसते, आणि ज्यांचे दिवस भरत आलेत त्यांचे दिवस भिंतीवर रेघा मारून मांडून ठेवते. म्हणजे घरातली आई-सासू जे प्रेमाने मोजते तेच ही बाहेर बसून मोजते. मग येते ती गोड बोलत, तुमची मुलं आणा, मी दूध पाजते, तुमच्या मुलींची दाई मी होते. पोटाला सात वेळा हात लावला की बाळ गेलं.

इथे आपल्या वाचकांना सटवाई आठवली असेल. बरोबर आहे, मलाही आठवली. पण म्हणून लगेच असिरिया आणि महाराष्ट्र असं काही नातं जोडू नका, तसा धागा नाही, भीती तेवढी दोन्हीकडे सारखी आहे. आणि आपल्याकडे सटवाई नशीबसुद्धा लिहिते, तिला पुजतात, लमाश्तूला कोणी पुजत नव्हतं, तिला फक्त घालवायचं होतं.

आता घालवायचं कसं? आपली म्हणच आहे, काट्याने काटा काढावा. पाझुझू हा तो दुसरा काटा. तो स्वतः दुष्टच, त्यात लपवाछपवी काही नाही. त्याच्या मूर्त्यांवर कोरलेलं असतं की मी पाझुझू, हंबीचा मुलगा, दुष्ट वाऱ्यांचा राजा. म्हणजे तो डोंगरातून येणाऱ्या त्या वाईट वाऱ्यांचा मालक, आणि मंत्रात तो फुशारकीने सांगतो की समोरून येणारे वारे पश्चिमेकडे तोंड करून निघाले होते, मी एकट्याने त्यांचे पंख मोडले. गल्लीत जो सगळ्यात दांडगा त्यालाच दारात उभा केला की बाकीचे फिरकत नाहीत, तोच हिशोब. पण दांडगा तो दांडगाच, म्हणून काही मंत्रांत त्यालाही दटावलेलं आहे की मी ज्या घरात जातो तिथे तू शिरायचं नाहीस. मला हे फार आवडतं, कारण ह्यात भाबडेपणा अजिबात नाही. ज्याची मदत घेतोय तो कोण आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पूर्ण मूर्त्यांपेक्षा पाझुझूची नुसती डोकी जास्त सापडतात. दोनचार सेंटीमीटरची, ब्राँझची, दगडाची, मातीची, वरती कडी नाहीतर आरपार भोक, म्हणजे दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. बाळंतिणीने ब्राँझचं पाझुझूचं डोकं गळ्यात घालावं असं त्यांच्या विधींमध्ये सांगितलेलं आहे. क्षणभर ते चित्र डोळ्यांसमोर आणा. कळा सुरू झालेल्या, अंधारी खोली, तेलाचा दिवा, आणि घामाने भिजलेल्या छातीवर ते बटबटीत डोळ्यांचं थंड धातूचं डोकं, तोंड बाहेरच्या बाजूला. लमाश्तू बाईकडे बघायला आली की तिला आधी ते डोळे दिसणार. शिंगं, वटारलेले डोळे, विचकलेले दात ही त्या दागिन्याची कुरूपता नाही, ते त्याचं काम आहे. आपण दारावर राक्षसाचं तोंड लावतो, बाळाला सुंदर सजवून मग गालावर काळी तीट लावतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजवायला लागत नाही.

आता एक वस्तू अगदी जवळून बघू, कारण सगळं लॉजिक तिच्यात एकाच ठिकाणी दिसतं. हीसुद्धा लूव्रमध्येच आहे, ब्राँझची पाटी, जवळपास १३-१४ सेंटीमीटर उंच, तळहातापेक्षा जरा लांबट, वर टांगायला कड्या. १८७९ मध्ये क्लेर्मों-गानो नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने ती पहिल्यांदा जगापुढे आणली आणि त्याला वाटलं की हा असिरियन लोकांचा नरक आहे. मधे पलंगावर माणूस, आजूबाजूला चित्रविचित्र प्राणी, खाली बोट, मग काय, मेलेल्या माणसाला नरकात नेतायत. त्यामुळे तिचं नाव पडलं नरकाची पाटी, आणि चूक कळून इतकी वर्षं झाली तरी नाव तेच चिकटलंय. पण पलंगावरचा माणूस मेलेला नाही. त्याने हात वर केलाय. तो आजारी आहे, आणि ही सगळी गर्दी त्याला वाचवायला जमलीय.

पाटीची मागची बाजू म्हणजे आख्खा पाझुझू, पाठमोरा, पंख पसरलेला, आणि त्याचे पंजे पाटीच्या वरच्या काठाला धरलेले. त्याचं डोकं मात्र काठावरून वर येऊन पुढच्या बाजूला डोकावतंय, जसा शेजारी कुंपणाच्या भिंतीवरून डोकावतो तसा. म्हणजे पाटी तुम्ही पुढून बघत असलात तरी तो तुमच्याकडे बघतच असतो. ज्या कारागिराला हे सुचलं तो किती हुशार असेल! पुढच्या बाजूला चार ओळी आहेत. सगळ्यात वर देवांच्या खुणा, शिंगांचा मुकुट, चंद्रकोर, तारा, वीज, मार्दुक देवाचं फावडं, सात ठिपके वगैरे. देवांची चित्रं नाहीत, फक्त खुणा, आपण त्रिशूळ काढला की शंकर समजतो ना तसं. त्याखाली सात रक्षक, अंग माणसाचं आणि तोंडं जनावरांची. तिसऱ्या ओळीत तो पलंग, त्याच्या उशाशी आणि पायथ्याशी माशाचं कातडं पांघरलेले दोन ऋषी, बाजूला दिवा, तो नुस्कू ह्या अग्नीच्या देवाची खूण, आणि सिंहाच्या तोंडाचे दोन पहारेकरी हात उगारून उभे.

आणि सगळ्यात खाली, सगळ्यात मोठ्या जागेत, लमाश्तू. गाढवावर गुडघा टेकून बसलेली, गाढव बोटीत, बोट नदीत, नदीत मासे. दोन्ही हातात साप, आणि छातीला एका बाजूला कुत्र्याचं पिल्लू एका बाजूला डुकराचं पिल्लू पितंय. माणसाचं बाळ पाजायला मागत होती ना, घे, ही पाज. मागून पाझुझू तिला हुसकावतोय. आणि समोर काठावर काय मांडलंय बघा, कंगवा, चाती, चपला, कपड्याला लावायची पिन, खायचं सामान. ही तिची शिदोरी. म्हणजे तिला नुसती हाकलत नाहीयेत, बाईमाणूस म्हणून जे जे लागतं ते सगळं देऊन पाठवणी करतायत, की बाई घे हे आणि जा, परत वळून बघू नकोस. साम, दाम, दंड, भेद सगळं तळहाताएवढ्या पाटीत. वरून देवांचा वचक, बाजूने पहारा, मागून धपाटा आणि पुढे भेटवस्तू.

ती पाटी बघून मी कितीतरी वेळ त्या कंगव्याचाच विचार करत होतो. बाळांना मारणारी म्हणून जिची भीती, तिचेही केस विंचरायचे असतील हे कोणीतरी लक्षात ठेवलं.

बरं, पलंगावर तर पुरुष आहे, बाळ नाही, मग हा बाळांचा ताईत कसा असा प्रश्न पडेल. लमाश्तू मोठ्या माणसांनाही धरायची, ताप आणायची, म्हणून तिच्याविरुद्धच्या पाट्या आजारी माणसांसाठीही वापरायचे. बाळ आणि बाळंतीण ही तिची आवडती शिकार, एवढंच.

हे सगळं कोण ठरवायचं? कोणी गावातला भगत नव्हे. त्यांच्याकडे दोन प्रकारचे वैद्य असत. एक असू, तो झाडपाल्याची औषधं, लेप, पट्ट्या बघायचा. दुसरा आशिपू, त्याला आपण मांत्रिक म्हणू पण तो शिकलेला माणूस, अनेक वर्षं लिहायला वाचायला शिकून, शेकडो पाट्या नकलून तयार झालेला, राजदरबारात मान असलेला. दोघं एकमेकांचे दुश्मन नव्हते, एकाच आजाऱ्याकडे दोघंही जायचे आणि आशिपूसुद्धा औषधं द्यायचा. जर्मन उत्खननात अश्शूरमध्ये अशा एका घराण्याचं आख्खं घर सापडलं, किसिर-अश्शूर नावाच्या आशिपूचं, आणि त्यात त्याच्या पाट्यांचा संग्रह, निदान, औषधं, मंत्र, विधी, सगळं. लमाश्तूवरचे मंत्र आणि विधी सुद्धा एका ठरलेल्या क्रमाने तीन पाट्यांत लिहिलेले, कुठला मंत्र कधी, मातीची लमाश्तू कशी करायची, तिच्या तोंडात डुकराच्या पिल्लाचं काळीज ठेवायचं, तिला भाकरी आणि शिदोरी द्यायची, तीन दिवस ठेवायची, मग फोडून भिंतीच्या कोपऱ्याशी पुरायची. तीन दिवस घरात हे चाललंय, आई बघतेय, शेजारपाजार बघतोय, आणि शेवटी ती डोळ्यांदेखत फुटते. बाळाचा ताप त्याने उतरत नसेल हे मी मान्य करतो. पण त्या आईला हात बांधून बसावं लागत नव्हतं, करण्यासारखं काहीतरी होतं, आणि कोणीतरी जाणतं माणूस तिच्या बाजूने उभं होतं, ह्याची किंमत मी कमी समजत नाही.

आता ब्राँझच का, ह्यावर थोडं. ब्राँझ म्हणजे तांब्यात साधारण दहावा हिस्सा कथील. नुसतं तांबं ओतायला त्रासाचं, त्यात कथील घातलं की कमी उष्णतेला वितळतं, साच्याच्या बारीक कोपऱ्यात नीट शिरतं आणि थंड झाल्यावर जास्त कडक होतं. पाझुझूच्या कपाळावरच्या आठ्या, पंखांवरची पिसं, नख्या हे इतकं बारीक काम त्यामुळे जमतं. पद्धत तीच जी आपल्याकडे अजून ओतारी वापरतात, आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचा थर, भाजलं की मेण वितळून बाहेर, मोकळ्या जागेत धातू. कथील मात्र असिरियात होत नाही, ते पूर्वेकडून लांबून यायचं, आणि त्यांचे व्यापारी तर इ.स.पू. १९०० च्या आसपासच गाढवांवर कथील लादून आजच्या तुर्कस्तानातल्या कानेशपर्यंत जायचे, त्यांच्या हिशोबाच्या आणि घरच्या पत्रांच्या हजारो पाट्या तिथे मिळाल्यात. तेव्हा ब्राँझचा ताईत म्हणजे पैशाची गोष्ट. ज्याला परवडत नाही तो मातीचा करायचा, तोंड तेच, डोळे तेच.

पण पैशापलीकडेही एक कारण आहे. तांब्याच्या आवाजाला भुतं घाबरतात असं ते मानायचे. त्यांच्या मंत्रांत तांब्याला अनू देवाचा वीर म्हटलंय, ज्याच्या दणक्याने वाईट पळतं. बर्लिनच्या म्युझियममध्ये असिरियातली एक ब्राँझची घंटा आहे, तिच्यावर बाहेरून तेच सिंहाच्या तोंडाचे रक्षक उठवलेत, म्हणजे वाजली की आवाजानेही मारायचं आणि चेहऱ्यानेही. देवळात शिरताना घंटा वाजवायची सवय असलेल्या आपल्याला हे ऐकून काही वेगळं वाटत नाही.

नुसता धातूच असायचा असं नाही. दगडांचं तर मोठं शास्त्र होतं, कुठला दगड दिसतो कसा आणि कशावर चालतो ह्याच्या याद्याच लिहिलेल्या. लाल अकीक, निळा लाजवर्द, काळपट लोहाचे दगड, असे मोजून इतके, रंगीत लोकरीच्या दोऱ्यात ओवून, मधे मधे गाठी मारून, प्रत्येक गाठीला मंत्र, मग गळ्याला, हाताला नाहीतर पायाला बांधायचे. चामड्याच्या छोट्या पिशव्याही असत, आत वनस्पती भरलेल्या. बाळाच्या मनगटातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि दंडाला बांधलेली ताईताची पेटी ज्या घरात आहे तिथे हे दृश्य ओळखीचंच. ताईत हा आपला शब्दसुद्धा अरबीतून आलेला आहे, त्या बाजूचाच. आणि लोकर आणि चामडं मातीत कुजून जातं, दगड आणि ब्राँझ राहतं, त्यामुळे म्युझियमच्या काचेआड आपल्याला एकटं डोकं दिसतं, त्याच्याबरोबरचा लाल-पांढरा दोरा, गाठी, पिशवीतला पाला हे गेलेलं असतं. फोटो बघताना हे मनात धरून बघायला हवं.

राजेही ह्यातून सुटले नव्हते. दुसरा अश्शूरनासिरपाल, इ.स.पू. ८८३ ते ८५९, ह्याच्या दगडावरच्या चित्रात त्याच्या गळ्यात एक माळ दिसते आणि तिला देवांच्या खुणा लटकवलेल्या, चंद्रकोर, तारा, वीज, शिंगांचा मुकुट. जे त्या ब्राँझच्या पाटीवर सगळ्यात वर होतं तेच राजाच्या छातीवर. मनगटावर फुलांची कडी. १९८८-८९ मध्ये निमरूदला मुझाहिम महमूद हुसेन ह्या इराकी पुरातत्त्वज्ञाला राजवाड्याच्या जमिनीखाली राण्यांची थडगी सापडली, त्यातलं सोनं किलोकिलोने मोजावं लागलं, आणि त्यातल्या कड्यांवर पट्टेदार अकीकाचे गोल दगड असे बसवलेत की ते हुबेहूब डोळे दिसतात, बाहेर बघणारे. राणी याबाच्या थडग्यात एक दगडी पाटीही होती, माझी झोप जो मोडेल त्याच्या आत्म्याला शांती मिळणार नाही अशा शापाची, आणि तरी तिच्या त्याच शवपेटीत नंतर दुसरी राणी झोपवलेली सापडली. २००३ च्या युद्धात हे दागिने गेले असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ते बगदादच्या मध्यवर्ती बँकेच्या तळघरात पाण्याखाली पेट्यांमध्ये सुखरूप निघाले.

निमरूदचं मुंबईशी खरंखुरं नातं आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८४५ पासून ऑस्टिन हेन्री लेयार्डने निमरूद खणलं, दगड टायग्रिसमधून फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवर बसऱ्याला आणले आणि तिथून ते जहाजाने मुंबईला यायचे, मग पुढे लंडन. त्या राजवाड्यातली काही शिल्पं आज आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. पॅरिसला जाणं सगळ्यांना कुठे जमतंय, पण काळा घोड्याला जाणं जमेल. तिथे गेलात तर घाईघाईने पुढे जाऊ नका, निमरूदच्या त्या दगडांवरचे पंखवाले रक्षक हे पाझुझूच्याच खात्यातले लोक आहेत, फक्त हे चांगल्या घरचे. राजवाड्याच्या भिंतीभिंतीवर ते उभे असायचे, हातात सुळक्यासारखं फळ आणि बादली, येणाऱ्याजाणाऱ्याला शुद्ध करत. म्हणजे आख्खा राजवाडाच एक ताईत.

साध्या घराने काय करायचं? ते जमिनीखाली पुरायचे. सात ऋषींच्या मातीच्या छोट्या मूर्त्या, त्यातले काही माशाचं कातडं पांघरलेले, विटांच्या पेटीत ठेवून खोलीच्या जमिनीखाली, दाराशी, कोपऱ्यात. ह्या विधीच्या पाटीचं नावच आहे, माणसाच्या घरात वाईटाचं पाऊल पडू नये म्हणून. अश्शूर आणि निमरूदला अशा पेट्या जागच्या जागी मिळाल्यात, अडीच हजारहून जास्त वर्षं ते तसेच अंधारात पहारा देत उभे.

आणि कुत्रे. निनेवेला अश्शूरबानिपालच्या राजवाड्यात पुरलेले पाच मातीचे कुत्रे सापडले, आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, बोटाएवढे, प्रत्येकाचा रंग वेगळा आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याचं नाव लिहिलेलं. वाईटाला हुसकणारा. शत्रूला धरणारा. वैऱ्याला चावणारा. मोठ्याने भुंकणारा. आणि पाचव्याचं नाव, विचार करत बसू नकोस, चाव! नाव म्हणजेच त्याला दिलेला हुकूम, तो अंगावर लिहिला की तो कायम पाळला जाणार. नावाला त्यांच्याकडे इतकं वजन होतं. लमाश्तूचीसुद्धा सात नावं मंत्रात आधी एकामागून एक घेतात, म्हणजे आम्ही तुला पूर्ण ओळखतो, लपायला जागा नाही.

दारावर टांगायच्या पाट्याही होत्या, वर मुद्दाम एक भोक पाडलेला कान काढलेला. साथीचा आणि नासाडीचा देव एर्रा, त्याच्यावरचं एक मोठं काव्य आहे, आणि त्या काव्याच्या शेवटीच सांगितलंय की ही पाटी ज्या घरात असेल त्या घराला एर्रा चिडला तरी काही होणार नाही. लोकांनी ते शब्दशः घेतलं आणि काव्याचे तुकडे ताईताच्या आकाराच्या पाट्यांवर लिहून घरात टांगले. कवितेचा ताईत! कोविडच्या वर्षात दारावर काय काय चिकटवलेलं मी पाहिलंय, त्यामुळे त्या घरातल्या माणसांच्या मनात काय असेल ते समजायला मला कष्ट पडले नाहीत.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. पाझुझूची डोकी ऑनलाइन विकायला दिसतात, काही नवीन ओतून हिरवा गंज चढवलेली नकली, आणि काही खरी असतील तर ती बहुधा इराकमधून चोरून बाहेर काढलेली. २००३ मध्ये बगदादचं म्युझियम लुटलं गेलं, २०१५ मध्ये निमरूदचा राजवाडा सुरुंग लावून उडवला. वस्तू कुठल्या घरात, कुठल्या थडग्यात, कुठल्या दाराशी होती हे कळलं तरच ती बोलते. बाईच्या गळ्याशी सापडलेलं डोकं आपल्याला तिच्याबद्दल सांगतं, दुकानातलं डोकं फक्त स्वतःबद्दल. लूव्रची ती प्रसिद्ध मूर्ती सुद्धा जमिनीतून नीट खणून काढलेली नाही, तिच्याबद्दल आपल्याला कळतं ते तिच्या अंगावरच्या अक्षरांतून आणि त्या कडीतून.

इ.स.पू. ६१२ मध्ये निनेवे पडलं, जाळलं गेलं, राजवाडे, पंखवाले रक्षक, जमिनीखालचे कुत्रे सगळे ढिगाऱ्यात गाडले गेले. असिरियाचं राज्य संपलं. पाझुझूची डोकी मात्र खाली दक्षिणेला बॅबिलोनियात पुढेही बनत राहिली, इराण्यांचं राज्य आलं तेव्हा, आणि सिकंदराच्या मागून ग्रीक आले तेव्हासुद्धा, तीच शिंगं, तेच वटारलेले डोळे आणि डोक्यावर दोऱ्यासाठी तेच भोक.